महाडात उतरायचा परवाना

महाडच्या एसटी स्टँडावर हातात गाठोडं घेऊन उतरणाऱ्या माणसाला चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. कुठला? कोणाकडं आलास? काय विकणार? परत कधी जाणार? हे प्रश्न पोलीस विचारत नसत, जकातीचा कारकून विचारत नसे, आणि एसटीच्या कंट्रोलरचा तर त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. हे प्रश्न विचारत आमचे बाळारामदादा उतेकर. त्यांना हा अधिकार कुणी दिला, असं तुम्ही म्हणाल. मीही एकदा म्हटलं होतं. "मला इचारताना त्यांना तरी कुणी दिलावता?" एवढं बोलून ते पुढच्या गाडीकडे गेले.

दादा अंगाने बुटके, आवाज मात्र घाट चढणाऱ्या ट्रकचा. गुडघ्यापर्यंत धोतर आणि वर भर उन्हाळ्यातही जाडजूड गरम कोट. मुंबईची गाडी आली की दुकान उघडं टाकून ते स्टँडावर हजर होत आणि गाडीच्या दाराशी असे उभे राहत की उतरणाऱ्याने जावं तरी कुठून? बांगड्यांचा कासार असो, पुण्याचा पाचकवाला असो, सुया-बिब्बे विकणारी बाई असो, कायदा सगळ्यांना सारखा. उत्तरं मनासारखी आली की हात बाजूला घेऊन म्हणत, "उतर." नाही आली की, "तुजा अर्ज नामंजूर." माणूस अर्थातच त्यांच्या बगलेखालून सटकायचा आणि पेठेत जाऊन खुशाल माल विकायचा. मग दादा पाठीमागून ओरडायचे, "जा, पण नामंजूर हाय हे ध्यानात ठेव!"

माझं बिऱ्हाड त्यांच्या दुकानाच्या माडीवर. मी महाडच्या कोर्टात वकिली करतो आणि माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझे सासरे कऱ्हाडहून पहिल्यांदा आमच्याकडे आले तो दिवस आठवला की माझं डोकं अजून गरम होतं. लेकीसाठी त्यांनी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं आणलं होतं. दादांनी ते पोतं पायरीवरच अडवलं.

"शेंगा हितं चालायच्या नायत. शेंगा इकणारी दोन घरं हायत हितं. त्यांच्या पोटावर पाय येतो."

"अहो, मी विकायला नाही आलो. लेकीला आणल्यात."

"कोणाकडं दिली लेक?"

"वकिलांकडे."

"वकील जामीन ऱ्हातील काय?"

सासऱ्यांचा सगळा जन्म मामलेदार कचेरीत गेलेला. आयुष्यभर त्यांनी लोकांना दाराबाहेर उभं केलं होतं, त्यांना दाराबाहेर उभं करायची कुणाची हिंमत झाली नव्हती. ते गप्प झाले. पोतं खाली ठेवून उन्हात उभे राहिले, आणि घरी आल्यावर पाण्याला हात लावायच्या आधी मला म्हणाले, "तुमच्या गावात यायला परवानगी काढावी लागते, एवढं पत्रात कळवायचं होतं."

मी तरातरा जिना उतरलो आणि दादांना फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचे सासरे व्हते? मग तसं सांगायचं. जामीन इचारल्यावर माणूस गप का ऱ्हाला? गप ऱ्हाणाऱ्याचा संशय येतो, वकीलसाहेब." वर आणखी मलाच उपदेश!

पण पेठेतले लोक त्यांना 'येडा बाळाराम' म्हणत तेव्हा मला त्याहून जास्त राग येई. दादा वेडे नव्हते. जे त्यांच्याशी झालं होतं, तेच ते इतरांशी करत होते. झालं त्या वेळी मी शेजारच्या खुर्चीवर बसलेलो होतो.

दादांचं दुकान सुपं, रोवळ्या, टोपल्या आणि इरल्यांचं. पुण्यामुंबईच्या वाचकांना इरलं ठाऊक नसेल. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं बसवलेली. डोक्यावर घेतलं की पाठीवरून कमरेखालपर्यंत माणूस झाकला जातो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री धरून भाताची लावणी करून दाखवा, म्हणजे इरल्याची किंमत कळेल. दादा मूळचे पोलादपूरच्या वरचे, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून फुटून डोंगरात गेलं की त्यांची वाडी. तिथल्या आसपासच्या गावांतून इरली विणून घ्यायची आणि महाडच्या पेठेत विकायची, हा त्यांचा धंदा.

पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. दासगावच्या बाजूचा एक खलाशी टोपली घ्यायला दुकानात आला आणि सहज बोलून गेला की आफ्रिकेत मोंबासाला धो धो पाऊस पडतो आणि शेतातली माणसं डोक्यावर केळीचं पान धरून काम करतात. खलाशी टोपली घेऊन गेला. दादा जागेवरून हलले नाहीत. संध्याकाळी मी कोर्टातून आलो तर जिन्याशीच त्यांनी मला धरलं.

"वकीलसाहेब, केळीचं पान! एक हात पान धरण्यात जातो. एका हातानं माणूस काय शेती करील? त्यांना कुणी इरलं दाखवलंच नाय हो आजपर्यंत."

त्यात नफा किती, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि बहुतेक स्वतःलाही विचारलं नसावं. एका हाताने शेती करणाऱ्या त्या अनोळखी माणसांचा त्यांना कळवळा आला होता. आठ दिवसांत त्यांनी गावी जाऊन आपल्या गावदेवीला, काळकाईला, कौल लावला. कौल उजवा झाला. म्हणजे त्यांच्या दृष्टीने परवानगी मिळाली होती. राहिलं होतं फक्त जाणं.

मी त्यांना समजावलं की असं जाता येत नाही. त्या काळी तिथं इंग्रजांचं राज्य होतं. नुसत्या पासपोर्टावर कुणाला दुकान थाटता येत नसे. बाजार बघून परत येणाऱ्याला एक परवाना, नोकरीवर जाणाऱ्याला दुसरा, धंदा घालून राहणाऱ्याला तिसरा. हा तिसरा सगळ्यांत अवघड. भांडवल दाखवा, तुमच्या धंद्याने तिथल्या लोकांचं भलं होईल हे पटवा, तिथल्या कुणाची रोजीरोटी जाणार नाही हे पटवा, आणि वर तिथला एक रहिवासी जामीन आणा. दादांनी सगळं ऐकलं, परमुलखात जायचं म्हणून गरम कोट शिवून घेतला, एक नवंकोरं इरलं काखेत मारलं आणि मला दुभाषा म्हणून मुंबईला ओढून नेलं.

फोर्टातल्या परवान्याच्या ऑफिसात एक गोरा साहेब होता आणि बाजूला आपल्याकडचाच एक कारकून. साहेबाने पहिला प्रश्न विचारला, "मालाचं स्वरूप काय?" मी भाषांतर करायच्या आत दादांनी इरलं डोक्यावर चढवलं आणि साहेबाच्या टेबलापुढे कमरेत वाकून भात लावायला सुरुवात केली. वर पंखा गरगरत होता. वाळकी पानं सुटून साहेबाच्या कागदांवर पडू लागली. दादा वाकलेल्या अंगाने मागे मागे सरकत दारापर्यंत गेले, एक ओळ पुरी झाली तेव्हा उभे राहिले आणि म्हणाले, "सांगा त्याला, दोन्ही हात मोकळे."

मी सांगितलं. साहेब सभ्य होता. हसला नाही, पानं गोळा करून बाजूला ठेवली.

"तिथल्या कुणाच्या धंद्याला यामुळे तोटा होईल का?"

"तिथं इरली इणणारा हाय काय कोण? मग तोटा कुणाचा? केळीच्या पानाचा?"

"परत कधी येणार?"

यावर मात्र दादा भडकले. "आजून गेलो नाय तर परत कधी येणार इचारतोय! आमच्यात दारात आलेल्याला आधी गूळपाणी देतात. तू कधी जाणार, असं इचारायला जीभ रेटत नाय कुणाची." मी याचं भाषांतर 'निश्चित सांगता येत नाही' असं केलं.

शेवटी साहेबाने विचारलं, "तिथे तुमच्यासाठी जामीन कोण राहील?"

दादा ताठ झाले. या प्रश्नाची त्यांची तयारी पक्की होती. "काळकाई," ते म्हणाले. "आमची गावदेवी. कौल उजवा झालाय."

मी वकील आहे, अशिलाचं म्हणणं जसंच्या तसं मांडणं माझं काम. मी मांडलं. कारकून तोंडावर रुमाल धरून हसायला लागला. साहेबाने मान हलवली आणि सांगितलं की जामीन तिथल्या मुलखातलाच लागतो. दादांना हा मुद्दा एकदम पटला. "बराबर हाय. ज्याच्या त्याच्या शिवेत ज्याची त्याची देवी. मग इचारा त्याला, मोंबासाची गावदेवी कोण? तिचा कौल त्यानंच लावावा. ती नाय म्हणली तर मी हा चाललो उठून."

कारकुनाला आता हसू आवरेना. दादा त्याच्याकडे वळले आणि असे काही कडाडले की बाहेरचा शिपाई आत आला. 'मला हसायचं तर हस, पण देवीला हसलास तर बघ,' एवढं मला कळलं. बाकीचं डोंगरातल्या भाषेत होतं आणि ते मी साहेबाला सांगितलं नाही.

महिन्याभराने उत्तर आलं. आपल्या धंद्याची तिथल्या जनतेला गरज दिसत नाही, सबब परवाना देता येत नाही. दादांनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. "भिजतात तरी गरज नाय?" ते विचारत राहिले. "ह्यांना कुणी सांगितलं गरज नाय म्हणून? भिजणाऱ्याला इचारलंनी काय?" माणूस चोरी करायला निघाला नव्हता. भीक मागायला निघाला नव्हता. पानांचं इरलं घेऊन लोकांची पाठ कोरडी ठेवायला निघाला होता, आणि त्याला दारातून परत पाठवलं. माझा तर असा संताप झाला की मी दोन दिवस अशिलांवर खेकसत होतो.

तिसऱ्या दिवशी दादा मोंबासाचा कोट घालून महाडच्या स्टँडावर जाऊन उभे राहिले.

त्यांच्या कायद्यातही परवाने तीन होते. बघायचा, इकायचा आणि ऱ्हायाचा. बघून जाणाऱ्याला ते लगेच सोडत. विकून जाणाऱ्याची जरा जास्त चौकशी. राहायला आलेल्याची मात्र उलटतपासणी अशी की आम्हा वकिलांनी येऊन शिकावी. एकदा एक स्टो दुरुस्त करणारा आला. महाडात स्टोवाला आधीच होता. दादांनी त्याला पंप मारायची मुभा न देता त्याच गाडीत परत चढवला आणि पोलादपूरचं तिकीट काढायला लावलं. "थितं स्टो बिघडून पडलेत, दुरुस्त करणारा नाय. थितं तुजी गरज हाय." तो स्टोवाला पोलादपुरात चांगला स्थिरावला. महाडच्या स्टोवाल्याने दादांना चहा पाजला. तेव्हापासून पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की हा वेडा आपल्या फायद्याचा आहे. समोर 'दादा, दादा', मागे 'येडा'. त्या लोकांची नावं मी इथे लिहीत नाही, कारण त्यांच्यातले पुष्कळ जण अजून माझे अशील आहेत.

अशी दहाएक वर्षं गेली. मग एके दिवशी दुपारच्या गाडीने सुबय्या आणि मा तिन उतरले.

मी माणगावच्या कोर्टाला जायला स्टँडावरच होतो. सुबय्या चाळिशीचा, काळा, किडकिडीत. त्याच्या मागे त्याची बायको मा तिन, गोल चेहऱ्याची ब्रह्मी बाई, कमरेला लुंगीसारखं नेसलेली. दोघांच्या हातांत मिळून एक ट्रंक आणि कापडात गुंडाळलेल्या छत्र्या. हे कुटुंब रंगूनचं. सुबय्याचा बाप तिकडे जाऊन छत्र्या करायला शिकला, सुबय्या तिथंच जन्मला, तिथंच त्याने लग्न केलं, दुकान वाढवलं. मग तिथल्या सरकारने दुकानं ताब्यात घेतली आणि बाहेरून आलेल्यांना वाट दाखवली. बोटीने मद्रास, तिथून मुंबई. मुंबईत कुणीतरी सांगितलं, महाडच्या अंगाला बांबूही आहे आणि पाऊसही आहे. म्हणून ते महाडला आले.

दादा दारात उभे होतेच. त्यांनी आपली मुंबईची हिंदी बाहेर काढली.

"किदर का हाय?"

"रंगून."

"किसके पास आया?"

"किसी के पास नहीं."

"क्या बेचेगा?"

सुबय्याने एक छत्री उघडली. मेणकापडाची, आणि आतल्या काड्या बांबूच्या, केसासारख्या बारीक तासलेल्या. दादा त्या काड्यांकडे बघत राहिले.

"वापस कब जायेगा?"

सुबय्याने बायकोकडे पाहिलं. "वापस जाने को जगह नहीं है, साब."

दादांचा हात दाराच्या दांडीवर होता, तो तिथंच राहिला. मग ते एकदम माझ्यावर ओरडले, "बघितलंत वकीलसाहेब, कसली माणसं येतात! कोणाकडं इचारलं तर कोणाकडं नाय. परत कधी इचारलं तर जागा नाय. ह्याला कुठल्या परवान्यात बसवू? आनि धंदा काय, तर पावसाचा! माझ्याच पोटावर पाय!" ते तणतणत दुकानाकडे निघून गेले. मंजूर म्हणाले नाहीत आणि नामंजूरही म्हणाले नाहीत.

त्या दोघांनी स्टँडाच्या शेडमध्ये पथारी टाकली. पेठेत त्यांना खोली कुणी देईना. चौकात बाबूशेट कापडाबरोबर मुंबईच्या छत्र्या विकत. त्यांनी घरमालकांना गाठून गाठून सांगितलं की या परक्यांना थारा देऊ नका. बाबूशेटचे आजोबा स्वतः खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन बाहेरून महाडात आलेले, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण तिसऱ्या पिढीला आपला आजा कुठून आला ते आठवत नाही, आणि दुसऱ्याचा बाप कुठून आला ते तोंडपाठ असतं. मला अशा माणसांची चीड येते.

त्यात मा तिन परदेशची प्रजा. ठाण्यातल्या फौजदारांनी सुबय्याला बोलावून सांगितलं की बाईची नोंद करायची तर राहण्याचा पत्ता हवा आणि तिची जबाबदारी घेणारा गावातला एक माणूस हवा. सोमवारपर्यंत दोन्ही आणा, नाहीतर महाड सोडा. फौजदार वाईट माणूस नव्हते, नियमाने वागत होते. नियमाने वागणारी चांगली माणसं माझ्या तर काळजात धडकी भरवतात.

शुक्रवारी बाबूशेट दादांच्या दुकानात आले. मी वरून सगळं ऐकत होतो.

"दादा, आजपर्यंत तुम्हाला आम्ही हसलो, पण तुमचंच बरोबर. हा छत्रीवाला बसला तर तुमची इरली कोण घेणार? सगळ्यांनी मिळून एक अर्ज देऊ. पहिली सही तुमची."

"माजा कायदा हाय. मी कायद्यानं बघतो," दादा म्हणाले.

"म्हणजे नामंजूर ना?"

"आजून चौकशी चालू हाय. तुम्ही उतरा." बाबूशेट ओट्यावरून उतरले.

शनिवारी दादा माझ्या दारात उभे. कोट अंगात, मागे जिन्यात सुबय्या आणि मा तिन. "चला, वकीलसाहेब. गावाला जायाचंय. देवीचं गावजेवण हाय उद्या. त्याआधी कौल लावतो. मला काय ह्यांचा निकाल लागत नाय, काळकाईच लावील. कायद्याच्या कामाला वकील लागतो." मी म्हटलं, "फौजदारांना देवीचा कौल चालत नाही, दादा." ते म्हणाले, "मला चालतो."

रविवारी सकाळी आम्ही देवळात. गुरवाने काळकाईच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावकीची दहा-बारा माणसं सभामंडपात बसलेली. सुबय्या हात जोडून उभा, आणि काय चाललंय ते न कळलेली मा तिन त्याच्या मागे.

"आये," दादांनी गाऱ्हाणं घातलं, "दोन माणसं आणलीत. समुद्रापलीकडनं आलीत. महाडात धंदा करू म्हणतात. काय तो कौल दे."

पाकळ्या तशाच. आम्ही वाट पाहिली. गुरवाने घंटा वाजवली, पुन्हा गाऱ्हाणं झालं. पाकळ्या तशाच. कुणी खोकलं, कुणी तंबाखू मळली. एक म्हातारा गावकर म्हणाला, "देवी बोलत नाय तंवर काय होत नाय, बाळाराम. पुढल्या पुनवेला बघू."

आणि दादांचा पारा चढला. आजपर्यंत ते साहेबावर चढले होते, कारकुनावर चढले होते, माझ्या सासऱ्यांवर चढले होते. आता ते थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले.

"तू पण साहेब झालीस काय गो आये? पुढल्या पुनवेला ये म्हणतेस? मला त्या हापिसात जामीन इचारलानी, तवा मी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं काय? तुजं घेतलं. तो कारकून हसला. मला हसला असता तर चाललं असतं, तुला हसला. तवा तुज्यासाठी मी भांडलो. आज तुज्या दारात ही दोघं उभी हायत. जायला जागा नाय म्हणतात. आनि तू पाकळी धरून बसलीस!"

"बाळाराम," गावकर दचकून म्हणाला, "देवीशी असं बोलत नाय."

"मग कुणाशी बोलू? साहेबाशी बोललो, तो बी गप. ही बी गप." दादांचा आवाज फाटला होता. ते पुन्हा मूर्तीकडे वळले. "बस तर बस. तुला वेळ हाय, ह्यांना सोमवार हाय. तू ऱ्हात नाय तर जामीन मी. उद्या ठाण्यात मी जातो. ऱ्हायाला माज्या दुकानामागची खोली हाय. आनि उद्या तुला वाटलं, की बाळारामानं चूक केलानी, तर काय ती शिक्षा मला दे. ह्यांना नको."

ते फिरले आणि तरातरा बाहेर गेले. पाकळ्या पडल्या की नाही, ते बघायला मीही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यात त्यांनी अंगठा उठवला, पुढे सुबय्याने त्यांच्याच ओट्यावर छत्र्या मांडल्या आणि इरल्यांचा खप निम्म्यावर आला, हे सगळं झालंच. बाबूशेट आता दादांशी बोलत नाहीत, आणि दादा स्टँडावर जातच राहिले. पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या गावजेवणाबद्दल.

देवळापुढच्या मांडवात पंगत बसली. त्या गावात पान माणसाच्या नावाने पडत नाही, घराच्या नावाने पडतं. वाढपी ओळीने पुकारत येतो, मोऱ्यांची सात, सकपाळांची अकरा, आणि घरचा कर्ता हुंकार देतो. बाहेरच्या माणसाला कुणाच्या तरी घराच्या ओळीत बसावं लागतं, एरवी पंगतीत बसता येत नाही. पांडू नावाचा म्हातारा वाढपी पत्रावळी टाकत आमच्याकडे आला. मी गावकरांचा पाहुणा म्हणून समोरच्या ओळीत होतो, सुबय्या आणि मा तिन दादांच्या मागे उभे होते. दादांपुढे पांडूने काही न पुकारता, काही न विचारता एक पत्रावळ टाकली आणि तो पुढे निघाला. विचारायचं कारणच नव्हतं. दादांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. भाऊ मुंबईच्या गिरण्यांत, शिमग्यालासुद्धा यायचे बंद झालेले. उतेकरांच्या घराचं पान एक, हे पांडूला कित्येक वर्षं पाठ होतं. मला मात्र ते त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या डोक्यावर राहिलो, त्याच्याशी भांडलो, त्याच्यासाठी भांडलो, आणि त्याच्या घरी दुसरं कुणी नाही हे मला त्या एका पत्रावळीने सांगितलं.

"पांडू, तीन टाक," दादा म्हणाले.

नेहमीचा तो ट्रकचा आवाज कुठे गेला कोण जाणे. इतक्या हळू बोलले की पांडूने मागे वळून, "काय?" म्हणून विचारलं.

"उतेकरांची तीन पानं."

पांडूने दादांकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे पाहिलं. पंगतीतून कुणीतरी, "जात कुठली रे त्यांची?" असं विचारलं. "छत्रीवाले," दादा म्हणाले, आणि त्यांनी सरकून जागा केली. पांडूने आणखी दोन पत्रावळी टाकल्या आणि मांडवभर ऐकू जाईल असं पुकारलं, "उतेकरांची तीन!"

दादांनी मा तिनची पत्रावळ स्वतःच्या हाताने पाणी शिंपडून पुसली. भात आला, वरण आलं, आणि दर वेळी दादा 'आधी ह्यांना' म्हणत पांडूला आपल्या पानावरून पुढे सरकवत होते. ती बिचकून बसली होती. "जेव गो बाय," ते तिला आपल्या भाषेत सांगत होते, जणू तिला ती जन्मापासून येत होती. "भात ऊन हाय तंवर जेव." सुबय्याच्या पानावर भात कमी पडला म्हणून त्यांनी पांडूला परत बोलावून दटावलं, मीठ मागवलं, लोणचं मागवलं, आणि ती पहिला घास घेते की नाही ते मान वाकडी करून बघत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

पंगत निम्मी उठायला आली, तरी त्यांच्या स्वतःच्या पत्रावळीवर भाताचं शीत नव्हतं. मागायचं राहून गेलंय, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.